मोठा संघ की मोठं विद्यापीठ? खेळाच्या जोरावर अमेरिकन कॉलेजात जाणाऱ्यांचा हिशेब

अकरावीच्या उन्हाळ्यात घरात दोन ऑफर येऊन पडतात. एक असते मोठ्या कॉन्फरन्समधल्या (आपसात सामने खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटातल्या) विद्यापीठाची: निम्मी शिष्यवृत्ती, चकचकीत जिम, फिजिओ, बुटांपासून टोपीपर्यंत सगळं संघाकडून. दुसरी आयव्ही लीगमधल्या (हार्वर्ड, येल वगैरे) कोचची. त्यात खेळासाठी छदामही नाही, फक्त "ॲडमिशन ऑफिसकडे मी तुझं नाव लावून धरीन" एवढा शब्द. घरात लगेच दोन तट पडतात आणि चर्चा विद्यापीठांच्या नावांवर होत राहते.

हा लेख टेनिस, स्क्वॉश, जलतरण, गोल्फ, फेन्सिंग, ॲथलेटिक्स या खेळांतल्या मुलांसाठी आहे. न्यू जर्सी, बे एरिया, टेक्सासमधली किंवा पुण्या-मुंबईहून जाणारी मराठी मुलं बहुधा याच खेळांत असतात. अमेरिकन फुटबॉल आणि बास्केटबॉल कॉलेजांना पैसा मिळवून देतात, बाकी बहुतेक खेळ तो खर्च करतात. आपलं मूल खर्चाच्या बाजूला आहे, हे आधी मान्य करायचं. त्यातून निघणारं आमचं मत असं: या खेळांत खेळाची खरी किंमत पैशापेक्षा प्रवेशाची किल्ली म्हणून जास्त आहे, आणि किल्लीने कुठलं दार उघडायचं हे आत गेल्यावर दुपारचे तास कोणाच्या ताब्यात राहणार यावरून ठरवावं.

पायरी पहिली: चार कप्पे करा

"अभ्यास की खेळ" अशी दोन टोकं प्रत्यक्षात नाहीत.

पहिल्या कप्प्यात निव्वळ मोठा खेळ: एसईसी, बिग टेन, बिग ट्वेल्व्ह आणि एसीसी या चार बलाढ्य कॉन्फरन्समधली बहुतेक सरकारी विद्यापीठं. दुसऱ्यात याच कॉन्फरन्समधली पण अभ्यासातही अव्वल: स्टॅनफर्ड, ड्यूक, नॉर्थवेस्टर्न, व्हँडरबिल्ट, नोत्र दाम, मिशिगन, बर्कली, यूसीएलए, व्हर्जिनिया. तिसऱ्यात आयव्ही लीगची आठ विद्यापीठं. ती एनसीएएच्या (कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेच्या) पहिल्या, म्हणजे सगळ्यांत वरच्या, विभागातच खेळतात, पण खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत. १९५४ च्या करारापासून हे असंच आहे. चौथ्यात तिसऱ्या विभागातली कॉलेजं: शिकागो, एमोरी, कार्नेगी मेलन, एमआयटी (महिलांचं रोइंग सोडून), आणि ॲम्हर्स्ट, विल्यम्स, बोडन यांसारखी छोटी पण जबरदस्त कॉलेजं. तिथेही खेळाची शिष्यवृत्ती नाही.

दुसरा कप्पा सगळ्यांना हवासा वाटतो आणि तोच सगळ्यांत अरुंद आहे. सोमदेव देववर्मन व्हर्जिनियाकडून २००७ आणि २००८ असा लागोपाठ दोनदा एनसीएए एकेरीचा विजेता झाला. ज्युनिअर विम्बल्डन जिंकलेला समीर बॅनर्जी स्टॅनफर्डला गेला. या कप्प्यातले टेनिस कोच त्या दर्जाची मुलं शोधत असतात. राज्य मानांकनात पहिल्या पाचांत असणं इथे पुरत नाही.

स्क्वॉशचं गणित वेगळं. तो एनसीएएत नाहीच. त्याची स्वतंत्र कॉलेज संघटना आहे आणि खेळणारी कॉलेजं मुळातच अभ्यासाची आहेत. हार्टफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजने १९९९ पासून सलग १३ राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. रमित टंडन आणि वेलवन सेंथिलकुमार हे दोघे भारतीय खेळाडू कोलंबिया विद्यापीठाचे. म्हणजे स्क्वॉशमध्ये "मोठा खेळ" आणि "मोठं विद्यापीठ" बरेचदा एकाच आवारात सापडतात. मुंबई-पुण्यातल्या स्क्वॉशवाल्यांनी या लेखातला पैशाचा आणि कागदांचा भाग नीट वाचावा, बाकीचा चाळला तरी चालेल.

पायरी दुसरी: रोस्टर वाचायला शिका

ही सगळ्यांत महत्त्वाची पायरी. नेमकी हीच लोक वगळतात, कारण कोचचा गोड फोन आलेला असतो.

विद्यापीठाच्या खेळाच्या संकेतस्थळावर संघाची यादी, म्हणजे रोस्टर, असते. एका तक्त्यात प्रत्येक खेळाडूचं वर्ष, देश, मेजर (डिग्रीचा मुख्य विषय), आधीचं कॉलेज आणि गेल्या हंगामात तो कितव्या क्रमांकावर खेळला हे लिहून काढा. टेनिसच्या लढतीत सहा एकेरी आणि तीन दुहेरी. तिन्ही दुहेरी मिळून एकच गुण, एकूण सात, जिंकायला चार. म्हणजे एकेरीत खेळायला जागा फक्त सहा.

आता तुमच्या मुलीच्या यूटीआर मानांकनाची (टेनिसपटूची ताकद सांगणाऱ्या आकड्याची) तुलना संघातल्या सहाव्या खेळाडूच्या आजच्या आकड्याशी करू नका. त्या संघात गेल्या दोन वर्षांत आलेल्या मुलींचं मानांकन बारावीत असताना किती होतं, ते शोधा. पुरुषांच्या अव्वल संघांत हा आकडा १३ च्या आसपास असतो. ११.५ चा मुलगा तिथे चार वर्षं टाळ्या वाजवेल, आणि तोच मुलगा तिसऱ्या विभागातल्या चांगल्या संघात पहिल्या वर्षापासून खेळेल.

जलतरणात कॉन्फरन्स स्पर्धेचे निकाल बघा. बहुतेक ठिकाणी २४ व्या क्रमांकापर्यंत गुण मिळतात. तुमच्या मुलाची वेळ २४ व्या जागेच्या जवळ असेल तर बोलणी खरी समजा. भारतात वेळा ५० मीटरच्या तलावातल्या असतात आणि कॉलेजचा हंगाम २५ यार्डांच्या तलावात होतो. रूपांतराचे तक्ते मिळतात, पण ते ढोबळ असतात. यार्डांत वळणं जास्त, त्यामुळे ज्याचं वळण कच्चं आहे त्याला रूपांतरित वेळ फसवते. वळणाचा पाण्याखालचा व्हिडिओ सोबत पाठवला तर कोचलाही खरा अंदाज येतो.

मग ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी. पूर्वी कोच अठराव्या वर्षीची मुलं घेऊन त्यांना घडवायचे. आता दुसऱ्या कॉलेजातला बावीस वर्षांचा तयार खेळाडू एका वर्षासाठी आणता येतो, आणि कॉलेज बदलल्यावर वर्षभर बसून राहायची अटही गेली. पुरुष टेनिसमध्ये पहिल्या विभागातले निम्म्याहून जास्त खेळाडू परदेशी आहेत. त्यामुळे "पहिलं वर्ष थांब, दुसऱ्या वर्षी तुझी जागा नक्की" या वाक्याचं वजन पूर्वीच्या निम्मंही राहिलेलं नाही. यादीत "आधीचं कॉलेज" हा रकाना भरलेली किती नावं आहेत ते मोजा. दहात चार असतील, तर तो कोच बाजारातून संघ उभा करतो.

त्यात २०२५ चा बदल. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनुसार, सहभागी झालेली विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. २०२५-२६ साठी मर्यादा होती विद्यापीठामागे साधारण २.०५ कोटी डॉलर. शिष्यवृत्त्यांच्या संख्येवरची बंधनं जाऊन संघाच्या आकारावर मर्यादा आली. टेनिसमध्ये ती दहा. आधी पुरुष टेनिस संघाला साडेचारच शिष्यवृत्त्या वाटून द्याव्या लागत, आता कागदावर दहाही देता येतात. ऐकायला छान आहे. पण पैशाचा मोठा वाटा फुटबॉल-बास्केटबॉलकडे जातो, आणि छोट्या खेळांच्या वाट्याला मर्यादा तेवढी आली: अकरावा-बारावा खेळाडू, जो पूर्वी स्वखर्चाने का होईना संघात राहायचा, तो आता बाहेर. आयव्ही लीगने या व्यवस्थेत भाग घेतलेला नाही.

पायरी तिसरी: अभ्यासाची बाजू कोचच्या नजरेतून

आयव्हीचा कोच मुलाचे गुण बघतो, कारण त्याच्यावर निर्देशांकाचं बंधन असतं. शाळेतले गुण आणि एसएटी किंवा एसीटी या प्रवेश परीक्षेचे गुण मिळून प्रत्येक खेळाडूचा एक शैक्षणिक निर्देशांक निघतो, आणि खेळाडूंची सरासरी त्या विद्यापीठाच्या सर्वसाधारण विद्यार्थ्यांपेक्षा फार खाली जाऊ द्यायची नसते. याचा एक आडपरिणाम पालकांना कळत नाही. ज्याचे गुण उत्तम पण खेळ मध्यम, असा मुलगा सरासरी वर ओढतो आणि कोचला दुसरा, कमी गुणांचा पण भारी खेळाडू घेता येतो. मराठी घरांतली बरीच मुलं या जागेवर चपखल बसतात. प्रवेश मिळतो, डिग्री खरी असते, पण खेळायला मिळत नाही. हे माहीत असून स्वीकारलं तर सौदा वाईट नाही. न कळता स्वीकारलं की दुसऱ्या वर्षी मूल रडत फोन करतं.

अकरावी संपल्यानंतरच्या १ जुलैपासून आयव्ही आणि बऱ्याच तिसऱ्या विभागातल्या कॉलेजांत पूर्वतपासणी सुरू होते: कोच मुलाचे गुणपत्रक, परीक्षेचे गुण, बारावीचे विषय ॲडमिशन ऑफिसकडे देतो आणि अंदाज घेतो. त्यासाठी एसएटी मे-जूनपर्यंत हातात हवी. ऑगस्टमध्ये पहिल्यांदा परीक्षा देणारं मूल रांगेत मागे पडतं, कारण तोवर कोचच्या जागा भरत आलेल्या असतात. एमआयटीत कोचला राखीव जागा नसतात. तो शिफारस करतो, निर्णयावर त्याचा हात नसतो. तिथल्या कोचचा उत्साह हा निव्वळ उत्साह समजायचा.

महाराष्ट्रातून जाणाऱ्यांसाठी कागदांची बाजू. पहिल्या विभागासाठी एनसीएएच्या पात्रता केंद्राला नववी ते बारावीचे १६ मुख्य विषय-वर्षं लागतात: इंग्रजी ४, गणित ३, विज्ञान २, सामाजिक शास्त्रं २, आणि उरलेले याच गटांतून किंवा भाषांतून. किमान सरासरी ४ पैकी २.३. एसएटीची अट एनसीएएने २०२३ मध्ये काढली, पण विद्यापीठाची वेगळी अट असतेच. कॉमर्सच्या मुलांनी लक्ष द्यावं: अर्थशास्त्र चालतं, बुककीपिंग, सेक्रेटेरिअल प्रॅक्टिस हे व्यावसायिक विषय सहसा धरले जात नाहीत, आणि अकरावी-बारावीत गणित सोडलं असेल तर बेरीज कमी पडू शकते. मराठी माध्यमाचं गुणपत्रक असेल तर मूळ प्रत आणि ओळीला ओळ इंग्रजी भाषांतर, दोन्ही जोडा.

सरावासाठी शाळा सोडून मुक्त विद्यालयातून निवांत बारावी करणारे खेळाडू इथे अडकतात. नववीपासून चार वर्षांत शाळा संपावी अशी अपेक्षा असते. नंतर "एक वर्ष ड्रॉप घेऊन स्पर्धा खेळू" म्हटलं की घड्याळ चालू होतं. टेनिसमध्ये ही सवलत सहा महिन्यांची, बहुतेक इतर खेळांत वर्षाची असा नियम चालत आला आहे. पात्रतेची वर्षं मोजायची पद्धत अलीकडे चर्चेत असल्याने, ड्रॉप घेण्याआधी त्या वर्षीचा नियम पात्रता केंद्राकडून लेखी घ्या. स्पर्धांत मिळालेली बक्षिसाची रक्कम आणि प्रवास-हॉटेलच्या पावत्या एका फाइलला लावून ठेवा. त्या मागितल्या जातात.

आणि एजंट. "मुलाला जितकी शिष्यवृत्ती मिळेल त्याचे इतके टक्के" अशी फी कुणी मागितली तर तिथून उठा. ठरावीक रकमेची सल्ला-फी चालते; प्रवेशावर किंवा शिष्यवृत्तीच्या रकमेवर बेतलेली फी एनसीएएच्या नियमांत एजंटगिरी ठरते आणि मुलाची पात्रता धोक्यात येते.

पायरी चौथी: पैशाचा खरा आकडा

"शिष्यवृत्ती देणारं स्वस्त, न देणारं महाग" हे समीकरण बऱ्याच घरांत उलटं निघतं.

समजा न्यू जर्सीतल्या घराचं वार्षिक उत्पन्न १,८०,००० डॉलर आहे. दुसऱ्या राज्यातल्या सरकारी विद्यापीठाचा सगळा खर्च ६२,००० डॉलर धरू. ५० टक्के शिष्यवृत्तीनंतर ३१,००० उरतात. हार्वर्डने २०२५-२६ पासून, नेहमीच्या मालमत्तेच्या घरांसाठी, दोन लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असेल तर ट्यूशन माफ केली आहे. एक लाखाच्या आत असेल तर राहणं-जेवणंही. प्रिन्स्टनने त्याच वर्षी दीड लाखापर्यंतच्या बहुतेक घरांना सगळंच मोफत केलं. या घराचं बिल तिथे ३१,००० च्या खाली येण्याची चांगली शक्यता आहे, आणि तेही खेळाशी न जोडता. उत्पन्न साडेतीन-चार लाख असेल तर चित्र पालटतं: गरजेवर आधारित मदत जवळपास शून्य होते, पूर्ण खर्च नव्वद हजारांच्या पुढे जातो, आणि ती निम्मी शिष्यवृत्ती एकदम खरी वाटू लागते.

भारतातून जाणाऱ्यांसाठी आणखी एक चाळणी आहे. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, डार्टमथ, ब्राउन, एमआयटी, ॲम्हर्स्ट ही परदेशी मुलांनाही मदतीची मागणी न बघता प्रवेश देतात. कोलंबिया, कॉर्नेल, पेन आणि स्टॅनफर्डमध्ये परदेशी मुलाने मदत मागितली तर ती गोष्ट निर्णयात धरली जाते. कोचला हे पहिल्या-दुसऱ्या फोनमध्येच स्पष्ट सांगा. संकोचापोटी लपवलं तर ऑक्टोबरमध्ये सगळं फिसकटतं. आर्थिक पूर्वतपासणीही मागता येते, मागाच. आई-वडील दोघांचे आयकर विवरण, पगारपत्रक आणि बँकेची स्टेटमेंट तयार ठेवा. दुसरा फ्लॅट, एनए प्लॉट, भाड्याचं दुकान हे सगळं फॉर्ममध्ये येतं. वडिलोपार्जित जमीन सहहिस्सेदारांची असेल तर आपला हिस्सा किती, हे तलाठ्याच्या उताऱ्यावरून एका पानात समजावून लिहा. न समजावलेला सातबारा परक्या देशातल्या कारकुनाला अख्खी इस्टेट वाटू शकतो.

एक बारीक पण बोचरी गोष्ट. ट्यूशन आणि पुस्तकांवरची मदत करमुक्त असते, राहण्या-जेवणाची करपात्र. एफ-१ व्हिसावरच्या मुलाच्या या भागातून १४ टक्के कापले जातात. मदत खेळाची असो की गरजेची, फरक पडत नाही. वीस हजारांवर २,८०० डॉलर. भारत-अमेरिका कर करारातल्या २१ व्या कलमाखाली भारतीय विद्यार्थ्याला प्रमाणित वजावट मिळते, त्यामुळे विवरणपत्र भरून यातला बराचसा परत येतो. पण आधी खिशातून जातो, त्याची तजवीज हवी. प्रायोजकांकडून किंवा विद्यापीठाकडून खेळाचे थेट पैसे घेणं मात्र एफ-१ वर रोजगाराच्या नियमांना भिडतं. विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाच्या लेखी उत्तराशिवाय सही करायची नाही, मग संघातले बाकीचे काहीही करोत.

पायरी पाचवी: मंगळवार लिहून काढा

हंगामात आठवड्याला २० तास, हंगामाबाहेर ८ तास, आठवड्यात एक दिवस सुट्टी: हा एनसीएएचा नियम सगळ्या पहिल्या विभागाला, आयव्हीलाही, सारखाच. पण २० तासांत काय धरत नाहीत ते बघा. प्रवास शून्य तास. फिजिओकडची पाऊण तासाची रांग शून्य. "ऐच्छिक" सराव शून्य. सामन्याचा दिवस सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत चालला तरी तीन तास.

मोठ्या कार्यक्रमातल्या जलतरणपटूचा मंगळवार साधारण असा दिसतो. सव्वापाचला उठणं, ६ ते ८ पाणी, नाश्ता, ९ ते १ वर्ग, २ ते ३ वजनं, साडेतीन ते साडेपाच पुन्हा पाणी, मग बर्फ आणि फिजिओ, सातला जेवण, साडेसात ते साडेनऊ सक्तीचा अभ्यास-तास. यात ऑरगॅनिक केमिस्ट्रीची प्रयोगशाळा टाकून बघा. ती दुपारी दीड ते साडेपाच असते, आठवड्यातून एकदा, आणि वेळा बदलत नाहीत. इथे मुलाला कुणी "केमिस्ट्री सोड" असं म्हणत नाही. शैक्षणिक सल्लागार हसतमुखाने तीन सोयीची मेजर पुढे ठेवतो.

म्हणून रोस्टरच्या तक्त्यातला मेजरचा रकाना पुन्हा बघा. वीसपैकी बारा जणींचं मेजर एकच असेल आणि ते तुमच्या मुलीला नको असेल, तर उत्तर मिळालं. मोठं-छोटं नाव इथे कामाचं नाही: काही बड्या सरकारी विद्यापीठांच्या जलतरण संघांत इंजिनिअर मुली सापडतात आणि काही मानाच्या खाजगी ठिकाणी सगळा संघ एकाच विभागात कोंबलेला असतो.

मेजर नंतर बदलू म्हणाल, तर ४०-६०-८० चा नियम आडवा येतो. पहिल्या विभागात खेळत राहायला दुसऱ्या वर्षाअखेर डिग्रीचा ४० टक्के, तिसऱ्याअखेर ६० आणि चौथ्याअखेर ८० टक्के भाग पूर्ण लागतो. दोन वर्षं सोप्या मेजरमध्ये काढून कम्प्युटर सायन्सकडे वळलं की जुनी क्रेडिट्स नव्या डिग्रीत बसत नाहीत, टक्केवारी घसरते आणि पात्रता जाते. कॉलेज बदलतानाही हीच गत. भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्याला याची आणखी एक किंमत आहे: डिग्रीनंतर काम करायला १२ महिने मिळतात, आणि विज्ञान-तंत्रज्ञान-गणित गटातली डिग्री असेल तर वर २४. सोयीच्या मेजरपायी हे दोन वर्षांचं दान सोडायचं का, हे सतराव्या वर्षी मुलाला सुचणार नाही, पालकांनी सुचवावं.

प्रवासही मोजा. स्टॅनफर्ड आणि बर्कली २०२४ पासून अटलांटिक किनाऱ्याच्या एसीसीत खेळतात. यूसीएलएला बिग टेनमुळे न्यू जर्सीपर्यंत यावं लागतं. आयव्हीची आठही विद्यापीठं ईशान्येत आहेत, बरेचसे सामने बसने जाऊन होतात, शुक्रवार-शनिवारला बांधलेले असतात. तरी आयव्हीचं रोइंग किंवा जलतरण म्हणजे आरामाचं, अशा समजुतीत राहू नका. पहाटेचं पाणी तिथेही तितकंच गार असतं.

पायरी सहावी: कोचला विचारायचे प्रश्न

पहिल्या विभागात बहुतेक खेळांत दहावीनंतरच्या १५ जूनपासून कोच थेट बोलू शकतात, आणि अकरावीच्या आधीच्या १ ऑगस्टपासून विद्यापीठाच्या खर्चाने भेट देता येते. भारतातून जाणाऱ्यांनी व्हिजिटर व्हिसाची तारीख दहावीतच घ्यावी. मुंबईच्या अमेरिकन वाणिज्य दूतावासातली प्रतीक्षा कोचच्या वेळापत्रकाला विचारून ठरत नाही.

प्रश्न मुलाने विचारायचे, पालकांनी शेजारी बसून लिहून घ्यायचे.

"तुमच्या यादीत मी कितवी?" आकडा सांगितला तर माणूस सरळ आहे. "आम्हाला तू खूप आवडतेस" म्हणजे तिसरी किंवा त्याखाली.

"पूर्वतपासणीत होकार आलेला आणि तुम्ही पूर्ण पाठिंबा दिलेला कुणी गेल्या तीन वर्षांत नाकारला गेला का?" आयव्ही आणि तिसऱ्या विभागात हा प्रश्न सगळ्यांत मोलाचा.

"संघात केमिकल इंजिनिअरिंग करणारी कोण आहे? तिच्याशी बोलता येईल?" नाव आलं तर त्याच आठवड्यात बोला. "आमच्याकडे कुठलंही मेजर करता येतं" हे वाक्य आलं तर कुणी नाही असं समजा.

"तुमचा करार कितव्या वर्षापर्यंत आहे?" उद्धट वाटला तरी विचारा. कोच गेला की नवा माणूस आपली मुलं आणतो.

"शिष्यवृत्ती वर्षाची की चार वर्षांची, आणि मी संघातल्या दहांत बसले नाही तर ती राहते का?" उत्तर ई-मेलने मागवा.

भेटीच्या रात्री कोच नसताना, संघातल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या बाकावरच्या मुलीशी बोला. पहिल्या क्रमांकाची खेळाडू सगळं छानच सांगणार.

पायरी सातवी: कागद कोणता खरा

तोंडी ऑफर दोन्ही बाजूंनी मोडता येते. जुनं राष्ट्रीय इरादापत्र ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झालं. आता सहीचा कागद म्हणजे विद्यापीठाचा आर्थिक मदतीचा करार. आयव्हीत १ ऑक्टोबरपासून "लाइकली लेटर" येऊ शकतं. ते ॲडमिशन ऑफिसच्या सहीचं असतं आणि गुण घसरले नाहीत तर प्रवेश पक्का मानला जातो. कोचचा शब्द, कोचची ई-मेल, कोचची मिठी, यातलं काहीही त्याच्या बरोबरीचं नाही. ब्राउन, कोलंबिया, कॉर्नेल, डार्टमथ, पेनमध्ये कोच बंधनकारक अर्लीचा अर्ज करायला सांगतो. तो भरला की दुसरी दारं मिटली, म्हणून आर्थिक पूर्वतपासणीचा आकडा त्याआधी हातात हवा.

मग काय काय फिसकटू शकतं ते समोर ठेवा. दुखापत: वैद्यकीय कारणाने खेळ थांबला तर मोठी विद्यापीठं सहसा शिष्यवृत्ती चालू ठेवतात. स्वतःहून खेळ सोडला तर ती जाऊ शकते. आयव्हीत मदत गरजेची असल्याने दुसऱ्या वर्षी रॅकेट खुंटीला टांगली तरी बिल बदलत नाही. हा फरक आमच्या मते सगळ्यांत जड आहे, कारण एकोणिसाव्या वर्षी खेळाचा कंटाळा येणं हा गुन्हा नाही. खेळच बंद होणं: स्टॅनफर्डने जुलै २०२० मध्ये ११ खेळ बंद करायचं जाहीर केलं, त्यात फेन्सिंग, स्क्वॉश, हॉकी होते, मे २०२१ मध्ये निर्णय फिरवला. ब्राउन आणि डार्टमथनेही त्याच वर्षी कुऱ्हाड चालवली होती. इथे दोन्ही बाजू सारख्याच असुरक्षित.

आणखी एक असमतोल लक्षात घ्या. आयव्हीत पदव्युत्तर विद्यार्थ्याला खेळता येत नाही. त्यामुळे दुखापतीने एखादं वर्ष शिल्लक राहिलं तर डिग्री घेऊन पाचव्या वर्षी मोठ्या संघात जाता येतं, आणि अशी मुलं दरवर्षी जातात. उलट दिशेने, मोठ्या संघातून आयव्हीत, वाट फार चिंचोळी आहे.

मग ठरवायचं कसं

मूल व्यावसायिक खेळाच्या उंबरठ्यावर असेल, म्हणजे ज्युनिअर ग्रँड स्लॅमच्या मुख्य फेरीत किंवा ऑलिंपिक पात्रतेच्या वेळेजवळ, तर मोठा संघ घ्या. सराव-जोडीदार, प्रवासाचा खर्च, डॉक्टर यांची बरोबरी बाकी कुणी करू शकत नाही. पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटमधून आला आणि २०२४ मध्ये अल्माटीला एटीपी दुहेरीचं विजेतेपद मिळवून गेला. तेजस्विन शंकर कॅन्सस स्टेटकडून २०१८ आणि २०२२ मध्ये एनसीएएचा उंच उडीचा विजेता झाला. तेव्हा ही वाट कमअस्सल म्हणायची नाही.

चांगला पण त्या उंबरठ्याच्या खालचा खेळाडू असेल, आणि दुसऱ्या वर्षापर्यंत सहांत बसण्याची शक्यता रोस्टरवरून दिसत नसेल, तर निम्म्या शिष्यवृत्तीसाठी दुपारचे तास विकू नका. आयव्ही किंवा तिसरा विभाग घ्या. त्यातही खेळायची भूक तीव्र असेल तर आयव्हीच्या बाकापेक्षा शिकागो-एमोरीतली पहिली जागा बरी; तिथे चार वर्षं खरंच खेळायला मिळतं. नातेवाइकांना नाव समजावून सांगावं लागेल, तेवढं सांगा.

दोन्ही ठिकाणी खेळायला मिळणार असेल आणि घराला पूर्ण खर्च झेपत नसेल पण गरजेची मदतही मिळत नसेल, तर मोठ्या संघाची ऑफर घ्या. पण हवं ते मेजर करणारी एक तरी खेळाडू त्या संघात दाखवा, या अटीवर. आमच्या दृष्टीने खरा घोळ याच गटाचा असतो, आणि त्याला पायरी पाचवीतल्या मंगळवाराइतका चांगला पंच दुसरा नाही.

ठरलं की नाही म्हणायच्या कोचला त्याच दिवशी फोन करा. मुलाने, स्वतः. "मी दुसरीकडे जातोय, तुम्ही दिलेल्या वेळेबद्दल आभारी आहे" एवढं पुरे. कारणांची यादी नको. तो त्याच संध्याकाळी यादीतल्या पुढच्या मुलाला फोन करतो, आणि ते मूलही कुठेतरी फोनपाशी बसलेलं असतं. त्यानंतर बारावीच्या सहामाहीचे गुण विद्यापीठाला पाठवायचे असतात. लाइकली लेटरच्या तळाशी ती अट लिहिलेली असते, आणि डिसेंबरातल्या स्पर्धेच्या नादात भौतिकशास्त्रात आपटलेल्या मुलाला ती फेब्रुवारीत आठवते.